रोजचा शुक्रवार

अकरावं बटण दाबलं आणि माझ्या दुसऱ्या हातातला स्कॅनर टेबलावर पडला. वळ गावातल्या गोदामात, परत आलेल्या मालाच्या टेबलापाशी मी चार वर्षं उभी आहे, आणि हातातून वस्तू पडायची ही माझी पहिलीच वेळ. यंत्र होतं छोटंसं, पांढरं, इडलीपात्राच्या वाटीएवढं, बारा बटणांचं. ज्याला झोप येत नाही त्याने ते उशाशी ठेवायचं आणि हवा तो आवाज लावायचा. परत आलेली विजेची वस्तू चालते की नाही हे बघूनच पुढे पाठवायची असा नियम आहे, म्हणून मी ओळीने बटणं दाबत चालले होते. धबधबा, समुद्र, रातकिडे, पंखा, आईच्या पोटात बाळाला ऐकू येणारे ठोके. ठोक्यांना शेजारच्या टेबलावरची जागृती म्हणाली, "ताई, ते बंद करा, मला कसंतरीच होतंय." आणि अकराव्यावर खटॅक-फट्, खटॅक-फट्. लूम. कापड विणायचे विजेवरचे माग, एक नाही, चार तरी असतील, एकमेकांच्या अंगावर आवाज टाकत चाललेले. माझ्या नाकात तेलाचा आणि सुताच्या भुकटीचा वास भरला, जो तिथे असणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगते, मला झोप आली. सकाळी साडेदहाला, उभ्या उभ्या, डोक्यावर पांढरे दिवे आणि समोर कॅमेरा असताना माझ्या पापण्या जड झाल्या. गिऱ्हाइकाने परत करण्याचं कारण लिहिलं होतं, 'अकराव्या आवाजाने होती ती झोपही उडाली.' मी खोक्यावर शेरा मारला, वस्तू चालू आहे, आणि ती पट्ट्यावर ठेवली. ती पुढच्या टेबलाकडे सरकत गेली तोवर मी बघत राहिले.

या टेबलावर काय काय येतं ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही. केळं दबू नये म्हणून केळ्याच्याच आकाराची डबी. कुत्र्याचा रेनकोट, टोपीसकट. उलटं चालणारं घड्याळ. एकच अंडं उकडणारं यंत्र. नवऱ्याने चहा आणावा म्हणून वाजवायची घंटा, जी एका बाईने 'नवरा येत नाही' असं लिहून परत केली होती. आम्ही दोघी त्यावर आठवडाभर हसलो. हे सगळं कुणीतरी बसल्या जागी मोबाईलवर बोट फिरवताना शोधतं, मागवतं, चार दिवस हौस करतं आणि परत धाडतं. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला असं, की दूर कुठल्यातरी समुद्रात जहाजं अडकली म्हणतात आणि आमची कंपनीची बस बंद झाली. डिझेल परवडत नाही म्हणे. जागृती अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरून येते. बस होती तोवर ठीक होतं, आता दोन टमटम बदलून येते आणि रोज म्हणते, "ह्या महिन्यापुरतं बघते, मग बंद." दुसरी शिफ्ट कमी करणार अशी बोलवा आहे. देशात मंदी आहे की नाही यावर डबा खाताना पुरुषमंडळी भांडतात. मी भांडत नाही. केळ्याच्या डब्या कमी यायला लागल्या की मला कळतं, आणि त्या हल्ली कमी यायला लागल्या आहेत. आई वळची. या गोदामांच्या खाली कुठेतरी माझ्या मामांची भातखाचरं आहेत. नेमकी कुठे हे मामांनाही आता दाखवता येत नाही; जमीन विकली त्या साली त्यांनी दोन गाड्या घेतल्या आणि दोन्ही पेट्रोलवाल्या, त्या आता अंगणात ताडपत्रीखाली झोपलेल्या असतात. झोपेचं सुख गाड्यांना तरी आहे.

झोप हा आमच्या घरात सध्या मोठा विषय आहे. माझे वडील काळूराम भोईर, वय चौऱ्याहत्तर, गेली दोन वर्षं झोपलेले नाहीत असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. नारपोलीत आमच्या घराला लागून त्यांचं आठ लूमचं शेड होतं. लूमचे मालकही तेच, फिटरही तेच आणि माणूस आला नाही की चालवणारेही तेच. मधली भिंत एका विटेची. माझा पाळणा त्या भिंतीला लावून होता. आई म्हणायची, तुला कधी अंगाई म्हणावी लागली नाही, बापाचे लूमच म्हणायचे. आई दारात बसून मोटारीवर कांड्या भरायची, म्हणजे लूमवर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायची सुताची रिळं, आणि मी शेडातल्या सुताच्या कचऱ्याच्या गोणीवर पडून असायची. उन्हाळ्याच्या दुपारी ती गोणी ऊन ऊन लागायची. डोळे मिटले की आवाज कानात न राहता अंगात यायचा, दातांत, पोटात, आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. लोक म्हणतात कसल्या कलकलाटात राहायचात तुम्ही. आम्हाला विचारा. लाइट गेली की आख्ख्या गल्लीतली पोरं एकदम जागी होऊन रडायला लागायची. इतरांकडे आवाजाने पोरं उठतात, आमच्याकडे शांततेने उठायची. आणि शुक्रवारी, लूमची सुट्टी असायची त्या दिवशी, बाबांची दुपारची झोप कधीच लागत नसे. सहा दिवस दुपारी जेवून शेडातच बाकड्यावर आडवे व्हायचे आणि त्या गदारोळात अर्धा तास ढाराढूर. शुक्रवारी घरात पलंगावर आडवे व्हायचे, उठायचे, पाणी प्यायचे, शेडाचं कुलूप काढून आत बघून यायचे. आई वैतागून म्हणायची, "अहो, निजा की, कोन न्यायचाय तुमचे लूम?" तेव्हा ते काहीतरी शोधल्यासारखं करत हसायचे. तो हसरा, ओशाळा चेहरा मला अजून दिसतो.

लूम नेणारा शेवटी आलाच. विजेचं बिल, सुताचा भाव, लाइट गेल्यावर लावायच्या जनरेटरचं डिझेल, तिन्ही बाजूंनी दाबत आलं. रात्रंदिवस आवाज करणारी माणसं गप्प होताना मात्र काहीच आवाज करत नाहीत. एका गल्लीतले लूम बंद, मग दुसरीतले. बाबा रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, दौलतला विचारायचे, "आज डिझेल काय भाव?" आणि दौलत सांगेल त्या आकड्यावर नुसतं "हां" म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी भंगारवाला आला, वजनावर आठ लूम घेऊन गेला. बाबांनी त्या दिवशी स्वतः नट सैल करून दिले, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. शेडात आता कुणाच्या तरी चपलांची खोकी आहेत. आई, गोदूबाई तिचं नाव, ती आधीच गेली होती. ते एक बरं झालं असं मी कधीकधी म्हणते आणि मग माझीच मला लाज वाटते. बाबांना आम्ही आमच्याकडे आणलं, चौथ्या मजल्यावर. काचा सरकवल्या की चिडीचूप. दौलत कौतुकाने म्हणाला होता, "मामा, बघा, इथं कसली शांती हाय." आणि तिथून सुरू झालं. आता बाबांचा रोजच शुक्रवार. उठतात, पाणी पितात, दाराची कडी बघतात. दौलत सकाळी रिक्षा घेऊन गॅसच्या लायनीत, मी सात वाजता गोदामात, आणि माणूस घरात एकटा. डॉक्टरच्या गोळीने झोप आली नाही, नुसती चक्कर आली आणि मोरीत पडले. गेल्या सोमवारी भरदुपारी दौलतच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला ते अंजूरफाट्याला हायवेच्या मधल्या दुभाजकावर दिसले. दोन्हीकडून कंटेनर चाललेले आणि मध्ये हे, पायजमा आणि बनियन. "कुठे चाललात, काका?" विचारलं तर म्हणाले, "शेड बघून येतो." शेड अगदी उलट्या दिशेला.

त्या संध्याकाळी दौलतने कुलूप आणलं. बाहेरून लावायचं. तो वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला तसं वाटेल. त्याचे डोळे लाल होते, तीन तास लायनीत उभं राहून पुढे बोर्ड दिसला होता, गॅस संपला. "मनाली, मला काय हौस हाय काय?" तो म्हणाला, "पण एक दिवस फोन येईल, आणि तो फोन तू घ्यायचा का मी?" मी कुलूप हातात घेऊन बघितलं. कुलूप पितळी, चकचकीत, दोन किल्ल्या दोऱ्यात बांधलेल्या. फडताळात देवाच्या तसबिरीखाली ठेवलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. शुक्रवारपर्यंत शेजारीण लक्ष ठेवणार होती, शनिवारपासून लावायचं ठरलं. ज्या माणसाने आठ लूमच्या शेडाला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि काढलं, चाळीस वर्षं, त्याला आतून त्या कुलपाचा आवाज ऐकू येणार. त्यांना तो कळेल. लोखंडाचा कुठलाही आवाज त्यांना कळतो. मी चार रात्री त्याच एका 'खट्'ची वाट बघत पडून होते. म्हणजे घरात न झोपणारी माणसं दोन झाली होती.

म्हणून ते अकरावं बटण. डबा खाताना मी जागृतीला सगळं सांगितलं, कुलपासकट, आणि हेही सांगितलं की ते यंत्र डब्याच्या पिशवीत घालावं असा विचार माझ्या मनात येऊन गेला. गेटवर पिशवी उपडी करून बघतात, नोकरी जाईल हे माहीत असून आला. जागृती डाळीत भात कालवत होती. "ताई, चोरी कशाला? हे तं मोबाईलवर फुकट असतं," ती म्हणाली आणि लॉकरमधून मोबाईल आणून तिने शोधूनच दाखवलं. होतं. पॉवरलूम, सलग दहा तास, झोपेसाठी आणि अभ्यासासाठी. लाखो लोकांनी ऐकलेलं. खाली जगभरच्या माणसांनी लिहिलेलं, मोबाईल त्याचं मोडकंतोडकं मराठी करून दाखवत होता. कुणी लिहिलं होतं, माझा कुत्रा फटाक्यांना घाबरतो, हे लावलं की घोरतो. एक बाई म्हणत होती, मालक वारल्यापासून घर खायला उठतं, हा आवाज सोबतीला असतो. आणि एकाने विचारलं होतं, 'फार सुंदर. हे कुठलं वाद्य आहे?' मी हसायला गेले आणि घास अडकला. बाबा रे, मला त्याला लिहावंसं वाटलं, हे वाद्य नाही, हे आमचं घर चालायचं त्याचा आवाज आहे. माझ्या आईचे कान यात गेले, माझ्या शाळेचे गणवेश यातून आले, आणि ज्यांनी ते चालवले त्यांना भंगाराच्या काट्यावर किलोने भाव मिळाला, आणि तू तिकडे बर्फात रजई घेऊन त्यावर झोपतोस, तर झोप बाबा, सुखाने झोप. यातलं काही लिहिलं नाही. जागृतीने पाठीवर थाप मारून पाणी दिलं. "आमच्याकडं म्हातारा निजंना तं ढोल वाजवतात हळूहळू," ती म्हणाली, "तुमचा हा ढोल."

माझी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी होती. दौलत लायनीत गेलेला. जेवणं झाली. बाबा गॅलरीतून खालच्या गल्लीकडे बघत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला अजून दोन-चार शेडं चालतात, तीही आज बंद, त्यामुळे वर पंख्याचाच काय तो आवाज. मी पलंगावर चादर नीट केली, उशी थोपटली आणि माझा जुना, काच तडकलेला मोबाईल चार्जिंगला लावून स्टुलावर ठेवला. मनातून चोरटं वाटत होतं. लहान पोराला औषध साखरेत कालवून द्यावं तसं. "बाबा, जरा पडा," म्हटलं. ते पडले, कारण ते भांडत नाहीत. मी आवाज लावला.

खटॅक-फट्, खटॅक-फट्. बाबांचे डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या, ओठ किंचित उघडले, आणि मला वाटलं, लागली. दोन वर्षांनी लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी ते ताडकन उठून बसले.

"चवथा थांबला," ते म्हणाले.

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग कान दिला तेव्हा कळलं, खरंच, आवाजातून एक धागा गळाल्यासारखा झाला होता. जरा वेळाने तो परत भरला.

"कांडी संपली असेल," मी म्हटलं. बापाच्या घरची विद्या अगदीच विसरले नव्हते.

"न्हाय गो. कांडी बदलाया एवढा येळ लागत न्हाय. ताण्याचा उभा धागा तुटलाय." ते पाय खाली सोडून बसले होते, मान तिरकी, कान मोबाईलकडे. "थांब जरा."

आम्ही थांबलो. चार मिनिटं झाली असतील. चौथा पुन्हा थांबला. तेवढाच वेळ. पुन्हा सुरू.

"बघितला? तोच धागा, तीच जागा. गाठ नीट न्हाय बांधली. कोन हाय त्याच्यावर? लक्षच न्हाय लेकाचं!" बाबा चिडले होते. दोन वर्षांत मी त्यांना कशावरही चिडलेलं पाहिलं नव्हतं. मला कळलं काय झालंय. दहा तास सलग वगैरे काही नव्हतं, कुणीतरी चार मिनिटांचा आवाज घेऊन तोच तोच जोडला होता. लाखो लोक त्यावर झोपले, कुत्री झोपली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या म्हाताऱ्याने आठ मिनिटांत पकडलं. आता तर झोप दूरच, मी त्यांना जन्माचं जागरण आणून दिलं होतं. मी मोबाईलकडे हात नेला. "बंद करते, बाबा. खरं नाही ते. मोबाईल आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मला दिसत न्हाय काय, मोबाईल हाय ते?" ते म्हणाले, अगदी शांतपणे. "पन लूम तं चालू हाय ना कुठंतरी. ऱ्हाऊ दे."

ते स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसले. चौथ्याची वेळ जवळ आली तशी त्यांची उजव्या हाताची बोटं आपोआप वर आली. आवाज गळाला. अंगठा आणि तर्जनी हवेत एकमेकांवरून फिरली, चिमूट वळली, ओढली, मी लहानपणी हजार वेळा बघितलेली ती गाठ, जी बघताना कधीच समजायची नाही इतकी भरभर. लूम सुरू झाला. त्यांनी हात मांडीला पुसला, जणू तेल लागलंय. तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आनंद म्हणता आला नसता. कामावरचा माणूस, एवढंच.

मग जे चार दिवस विचारायला घाबरत होते ते मी विचारलं. "बाबा, उद्या मी कामावर गेले की तुम्ही परत बाहेर जाणार का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "चालता लूम टाकून कोन जातो?"

खरंच की. हा आमच्या शेडातला पहिला नियम होता. आग लागली तरी आधी बटण बंद, मग पाय बाहेर. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय चालत्या लूमला पाठ दाखवायची नाही. आईला दिवस भरले तेव्हासुद्धा, म्हणजे माझ्याच वेळी, बाबा बदलीवाला येईपर्यंत हलले नव्हते. त्यावरून आई त्यांना मरेपर्यंत बोलायची. मला हे पाठ होतं. तरी ते फडताळातलं कुलूप आणताना, ठेवताना, चार रात्री त्याचा विचार करताना मला एकदाही आठवलं नाही. त्या माणसाला बाहेर ओढत होता तो वेडाचा झटका नव्हता. त्याच्यामागे चालू असं काही उरलंच नव्हतं, मग बसायचं तरी कशासाठी?

"बदली कोन येनार?" बाबांनी विचारलं. नजर मोबाईलवरच.

"मी," मी म्हणाले. "मी येते ना. साडेतीनला सुटते, पावणेपाचपर्यंत घरात. तोवर सांभाळाल?"

"आजपतुर कवा न्हाय सांभाळलं?" मग त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला, फार दिवसांनी. "डोले बघ कसे झालेत तुझे. बदलीवाल्यानं झोपून यावं. जा, पड थितं."

मी पडले. त्यांच्यासाठी घातलेल्या चादरीवर, त्यांच्यासाठी थोपटलेल्या उशीवर, चव्वेचाळीस वर्षांची बाई, दोन पाय पोटाशी घेऊन. खाली रस्त्यावर कुणीतरी शेअर रिक्षाच्या वाढलेल्या भाड्यावरून हुज्जत घालत होतं, दौलत अजून लायनीतच असणार, पुढच्या महिन्यात जागृती येईल की नाही ठाऊक नाही, दुसरी शिफ्ट राहील की जाईल तेही नाही. दाराला कुलूप मात्र लागणार नव्हतं. आवाज कानातून दातांत उतरला, दातांतून पोटात. भिंत एका विटेची झाली. मधेच चौथा थांबला, मी दचकून डोळे उघडणार तोच पाठीमागून बाबांचा आवाज आला.

"बांधला गो. नीज तू."